उभं राहून मोजलेली नाडी

ज्यांना बसमध्ये, गर्दीत ऐकणं जमत नाही त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना घेतलेले 'म्हणजे' आणि 'अं' काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय. एकच विनंती, शक्य असेल तर हा भाग बसून वाचा. का, ते पुढे कळेलच.

आजची गोष्ट १८६०च्या दशकातल्या फिलाडेल्फियात सुरू होते. पण मी त्या गोष्टीपर्यंत पोचले कशी, ते आधी सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बया शिवकालातून एकदम अमेरिकेच्या दवाखान्यात कशी काय शिरली?

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स पडल्या, मावशीनं पपईच्या पानांचा रस पाजला, ताप उतरला, घरचे सगळे खूश. मी मात्र पहिल्यासारखी झालेच नाही. सकाळी अंथरुणातून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. ओट्याशी उभं राहून चहाला उकळी येईपर्यंत छातीत धडधड. ठाण्याच्या फलाटावर लोकलची वाट बघताना हाताला घाम, पाय जांभळट, आणि डोक्यात कापूस भरल्यासारखं. समोरची बाई काय बोलतेय ते ऐकू यायचं, पण अर्थ लागायचा नाही. गाडीत बसायला मिळालं की पाच-सात मिनिटांत बरं. नाही मिळालं तर मी दाराजवळ खालीच बसकण मारायचे. मग एखादी काकू प्रेमानं विचारायची, "कितवा महिना गं?"

डॉक्टर झाले. एक नाही, चार. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक, साखर ठीक, ईसीजी अगदी छान. एका डॉक्टरांनी कागद बाजूला सारून विचारलं, "घरात लग्नाचं बघतायत का? टेन्शन घेऊ नकोस." दुसऱ्यांनी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली. आई म्हणाली, "रात्री मोबाइल बघत बसतेस, दुसरं काय!" खरं सांगते, वर्षभरानं मलाही वाटायला लागलं की असेल बाबा टेन्शनच.

एक गोष्ट मात्र खटकत होती. माझी सगळी तक्रार उभं राहण्याची होती आणि माझ्या सगळ्या तपासण्या मला झोपवून किंवा बसवून केलेल्या होत्या.

मग एका रविवारी भावाचं स्मार्टवॉच हाताला बांधलं. गादीवर पडून नाडी ७४. उठून उभी राहिले, काही न करता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. पाच मिनिटांनी १२२. पुन्हा आडवी झाले तर ८०च्या खाली. भाऊ म्हणाला, "घड्याळ बिघडलंय." त्यानं स्वतःच्या हाताला बांधलं. त्याचं ७० वरून ८२ झालं, आणि तिथंच राहिलं.

इतिहासाची विद्यार्थिनी असले की खोड जात नाही. हे असं आणखी कुणी मोजून ठेवलंय का, ते शोधायला बसले. आणि मला डॉक्टर डा कोस्टा भेटले.

जेकब मेंडेस डा कोस्टा. जन्म १८३३, कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात ते फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन नावाच्या लष्करी रुग्णालयात काम करत होते. त्यांच्याकडे विचित्र रुग्ण यायला लागले. धडधाकट दिसणारे तरुण सैनिक. गोळी लागलेली नाही, हृदयाची झडप बिघडलेली नाही, पण छाती धडधडते, दम लागतो, चक्कर येते, कवायतीत टिकत नाहीत. पाठीवरची पिशवी आणि पट्टे सहन होत नाहीत. अशा तीनशेहून जास्त सैनिकांचा अभ्यास करून त्यांनी १८७१ साली एक लेख छापला आणि या आजाराला नाव दिलं, 'इरिटेबल हार्ट'. आपण चिडकं हृदय म्हणू या.

त्या लेखातला नेहमीचा रुग्ण कसा? काही महिने मोहिमेवर असलेला सैनिक. त्याला जुलाब होतात किंवा ताप येतो. काही दिवस आजारी पडतो, बरा होतो, पलटणीत परततो, आणि लक्षात येतं की आता बाकीच्यांबरोबर चालवत नाही. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी एकटीच मोठ्यानं "अरे!" म्हणाले. आधी ताप, मग बरं वाटणं, मग हे सगळं. डेंग्यूच्या जागी छावणीतला ताप ठेवा, लोकलच्या जागी कूच.

आणि डा कोस्टांनी नाडी मोजली होती. आडवं असताना आणि उभं असताना, दोन्ही. शरीराची स्थिती बदलली की या माणसांची नाडी भराभर बदलते, हे त्यांनी नोंदवून ठेवलंय. त्या काळात युद्धातून सुटका हवी म्हणून सोंग करणारे सैनिकही असत. पण डा कोस्टांनी या लोकांना सोंगाडे म्हणून हाकललं नाही, विश्रांती दिली, औषधं देऊन पाहिली. माणूस मला आवडला, काय सांगू!

मग घोडं अडलं कुठे? नावात. रुग्ण सैनिक, तक्रार छातीत, म्हणजे दोष हृदयाचा. इंग्लंडमध्ये तर आणखी मजा. तिथल्या लष्करी डॉक्टरांनाही असेच सैनिक दिसत होते. मॅक्लीन म्हणाले, दोष पाठीवरच्या ओझ्याचा. आर्थर मायर्स यांनी १८७० साली आवळ गणवेशाला धरलं, छातीभोवतीचे पट्टे आणि घट्ट कॉलर रक्ताभिसरण दाबतात म्हणाले. कपडे सैल करायला कुणाची हरकत नाही, पण शिपाई काही त्यानं बरे होत नव्हते.

आता एक गंमत बघा. गंमत कसली, राग येईल. त्याच टर्नर्स लेन रुग्णालयात आणखी एक डॉक्टर काम करत होते, सायलस वेअर मिचेल. मज्जातंतूंच्या जखमांवरचं त्यांचं काम खरोखर मोठं आहे. पण युद्ध संपल्यावर ते ओळखले गेले 'रेस्ट क्युअर'साठी. थकवा, धडधड, चक्कर, मन लागत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या, मुख्यतः सुखवस्तू घरातल्या बायकांना ते सहा-आठ आठवडे पलंगावर झोपवून ठेवायचे. भरपूर दूध, भरपूर खाणं. वाचन बंद, लिहिणं बंद. त्या काळात या तक्रारींसाठी 'न्यूरास्थेनिया' हा शब्द निघाला होता, अमेरिकी डॉक्टर जॉर्ज बेअर्ड यांनी १८६९मध्ये लोकप्रिय केलेला. मज्जातंतूंचा थकवा. लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांनी १८८७ साली हा उपचार घेतला आणि त्यातून वेड लागायची पाळी आली. पुढे त्यांनी त्यावर कथा लिहिली, ती आजही कॉलेजात शिकवतात.

म्हणजे एकाच रुग्णालयातून दोन वाटा फुटल्या. पुरुषाला धडधडलं तर हृदय, बाईला धडधडलं तर नसा आणि मन. गिलमन यांना नेमकं काय झालं होतं त्यावर मी बोलत नाहीये. पण पलंगावर पडून राहिल्यानं शरीराची उभं राहण्याची सवय मोडते, हे पुढे अंतराळवीरांच्या निमित्तानं झालेल्या अभ्यासांत पक्कं कळलं. तेव्हा उभं राहिल्यावर ज्यांना त्रास व्हायचा, त्यांना त्या सक्तीच्या विश्रांतीनं काय दिलं असेल, विचार करा.

मधे थोडं शाळेतलं विज्ञान, घाबरू नका. आपण उभे राहतो तेव्हा साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. गुरुत्वाकर्षण कुणाला सोडतंय! मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांमध्ये दाब ओळखणाऱ्या जागा असतात. दाब कमी होतोय हे त्यांना क्षणात कळतं, मेंदूच्या बुंध्याला निरोप जातो, तिथून हुकूम सुटतो. रक्तवाहिन्या आवळा, हृदय थोडं जोरात चालवा. हे सगळं तुम्ही 'उठतो' म्हणेपर्यंत झालेलं असतं. हे काम करणाऱ्या व्यवस्थेला आपण स्वायत्त चेतासंस्था म्हणतो. घाम, पचन, लघवी, डोळ्याची बाहुली, सगळं तिच्याच ताब्यात. केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांनी 'ऑटोनॉमिक' हे नाव दिलं १८९८ साली. म्हणजे डा कोस्टांच्या लेखानंतर २७ वर्षांनी. त्यांच्याकडे आकडे होते, शब्द नव्हता.

या व्यवस्थेनं रक्तवाहिन्या नीट आवळल्या नाहीत, किंवा शरीरात रक्ताचं प्रमाणच कमी असलं, तर हृदय एकटंच भरपाई करायला धावतं. त्यात ॲड्रेनलिनसारखी रसायनं वाढतात. हात थरथरतात, छाती धडधडते, घाम फुटतो. भीती वाटते तेव्हा नेमकं हेच होतं. त्यामुळे समोरच्याला, आणि कधी कधी आपल्यालाही, ही भीतीच वाटते.

पहिलं महायुद्ध आलं आणि ब्रिटिश सैन्यात हे रुग्ण हजारोंनी दिसू लागले. हृदयतज्ज्ञ थॉमस लुईस यांच्याकडे ते काम आलं, आधी लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये आणि मग कोलचेस्टरला. ईसीजीच्या शास्त्रातलं हे फार मोठं नाव. त्यांनी ठामपणे सांगितलं, या पोरांचं हृदय आजारी नाही. अनेकांना आधी कसला तरी संसर्ग होऊन गेलाय, हेही त्यांना दिसलं होतं. त्यांनी १९१८ साली पुस्तक लिहिलं आणि नवं नाव दिलं, 'एफर्ट सिंड्रोम'. श्रमाचा आजार. त्यांना झोपवून न ठेवता हळूहळू वाढवत नेलेल्या कवायती दिल्या, हे पाऊल शहाणपणाचं होतं. पण नावानं पुन्हा घोळ घातला. लक्ष श्रमाकडे गेलं, उभं राहण्याकडून हटलं.

आणि १९४१. दुसरं महायुद्ध. हृदयतज्ज्ञ पॉल वुड, जन्म आपल्या निलगिरीतल्या कुन्नूरचा, यांनी लंडनमध्ये व्याख्यानं दिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की डा कोस्टांचा हा आजार हृदयाचा तर नाहीच, त्याचं मूळ भीतीत आहे, तो मानसोपचाराचा विषय. वुड हुशार होते, त्यांच्या शब्दाला वजन होतं. बॉम्ब पडत असताना घाबरलेले रुग्ण त्यांना दिसले असणारच, ते खोटं नव्हतं. पण त्या शिक्क्याची शाई फार वर्षं वाळली नाही. आजचे काही डॉक्टर जुन्या नोंदी वाचून म्हणतात, यातल्या बऱ्याच सैनिकांना स्वायत्त चेतासंस्थेचाच आजार असावा. मलाही तसंच वाटतं. पण कुणी 'सिद्ध झालं' म्हणालं तर मान डोलवू नका. मेलेल्या माणसाला उभं करून नाडी मोजता येत नाही.

दुसरीकडे काही डॉक्टर मात्र शांतपणे रुग्णाला उभं करत होते. १९२५ साली अमेरिकेत ब्रॅडबरी आणि एगल्स्टन यांनी फक्त तीन रुग्णांची हकिकत छापली. उभं राहिलं की यांचं बीपी कोसळायचं, शुद्ध जायची, आणि नाडी मात्र ढिम्म वाढायची नाही. घाम येत नसे, उन्हाळ्यात हाल व्हायचे. माझ्या अगदी उलटा प्रकार, पण बिघाड त्याच व्यवस्थेतला. १९४०मध्ये मॅक्लीन आणि ॲलन यांनी उभं राहिल्यावर नाडी उधळणाऱ्या रुग्णांबद्दलही लिहिलं. हे मॅक्लीन वेगळे, पाठीवरच्या ओझ्यावाले नव्हेत. उपाय काय सुचवला? पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करून झोपा.

या क्षेत्रात पुढे एक नाव येतं, ते तुम्हाला ऐकून माहीत असेल. रॉजर बॅनिस्टर. ६ मे १९५४, ऑक्सफर्ड, एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत, चार मिनिटांच्या आत धावणारा जगातला पहिला माणूस. तेव्हा तो वैद्यकीचा विद्यार्थी होता. धावणं सोडून मज्जाविकारतज्ज्ञ झाला आणि उरलेलं आयुष्य घालवलं ज्यांना उभंसुद्धा राहता येत नाही अशा रुग्णांमध्ये. स्वायत्त चेतासंस्था निकामी होण्यावरचा जाडजूड ग्रंथ त्यानंच संपादित केला. धावपटूला हा विषय का भावला असेल? पळताना आणि उभं राहताना काम एकच, रक्त डोक्यापर्यंत पोचवायचं.

मग १९८२. अमेरिकेत रोझेन आणि क्रायर यांनी एका रुग्णाबद्दल लिहिलं, उभं राहिल्यावर नाडी उधळायची आणि आहारातलं मीठ वाढवल्यावर सुधारली. 'पोश्चरल टॅकिकार्डिया सिंड्रोम' हे शब्द तिथे आले. १९९३मध्ये शॉन्डॉर्फ आणि मेयो क्लिनिकचे फिलिप लो यांनी त्याची नीट व्याख्या मांडली, आणि आज डॉक्टर ज्याला पॉट्स म्हणतात तो आजार कागदावर आला. विषाणूच्या तापानंतर सुरुवात झालेले रुग्ण त्यांच्याही यादीत होते. कोविडनंतर तर जगभर असे रुग्ण वाढलेले दिसले, म्हणून आता तुम्ही हे नाव रील्समध्ये तरी ऐकलं असेल.

नाव मिळालं म्हणून सगळं सोपं झालं असं नाही. २०१९ साली ४,८३५ रुग्णांची ऑनलाइन पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात ९४ टक्के बायका होत्या, जवळजवळ निम्म्यांचा त्रास किशोरवयात सुरू झालेला. आणि निदान व्हायला लागलेला मधला काळ? २४ महिने. मी माझे महिने मोजले. २२ झाले होते.

आता तुमच्यापैकी काही जण मनगटाकडे बघतायत, मला दिसतंय. थांबा. एकदा पटकन उठल्यावर अंधारी येणं, उन्हात प्रार्थनेला उभं राहून शाळेतली एखादी मुलगी चक्कर येऊन पडणं, हे बहुतेकांना कधी ना कधी होतं. पॉट्स म्हणायला काही गोष्टी जुळाव्या लागतात. आडवं असताना जी नाडी आहे ती उभं राहिल्यापासून १० मिनिटांच्या आत ३०नं किंवा जास्त वाढून तशीच राहते (१२ ते १९ वयात ४०नं), बीपी पडत नाही, उभं असताना त्रास होतो आणि आडवं झाल्यावर कमी होतो, आणि हे निदान तीन महिने चाललेलं असतं. शिवाय ॲनिमिया, थायरॉइड, शरीरातलं पाणी कमी होणं, चालू असलेली औषधं, ही कारणं आधी बाजूला काढावी लागतात. आपल्याकडे मुलींमध्ये ॲनिमिया इतका आहे की पहिली शंका त्याचीच घ्यायला हवी. माझी तक्रार त्याबद्दल नव्हतीच, तिथेच थांबण्याबद्दल होती.

घरात आजी-आजोबांना उठल्यावर झोक जात असेल, मधुमेह किंवा पार्किन्सन्स असेल, तर त्यांचं बीपीही बसून नको, आधी झोपवून आणि मग उभं करून मोजायला सांगा. तीन मिनिटांत वरचा आकडा २०नं किंवा खालचा १०नं पडला तर ते डॉक्टरांना कळायलाच हवं. आणि धावताना शुद्ध हरपली, छातीत दुखलं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर घड्याळ, पॉडकास्ट सगळं सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मी काय केलं? वहीत तीन आठवडे लिहिलं. पाच मिनिटं आडवी पडून नाडी आणि बीपी, मग उभं राहून पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला. दर वेळी भाऊ शेजारी, मी पडले तर धरायला (तो त्या वेळी मॅच बघत असायचा, पण होता). घड्याळाच्या आकड्यावर भरवसा नको म्हणून दंडाला बांधायचं बीपीचं मशीन आणलं. कधी त्रास जास्त होतो तेही लिहिलं. गरम पाण्यानं अंघोळ केल्यावर, भरपेट भात खाल्ल्यावर, पाळीच्या दिवसांत. ती वही घेऊन पाचव्या डॉक्टरांकडे गेले. न्यूरॉलॉजीच्या.

वयस्कर बाई. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली. टिल्ट टेबल नावाची एक तपासणी असते, पट्ट्यांनी बांधून पलंग साठ-सत्तर अंशांत उभा करतात, ती लागली तर करू म्हणाल्या. आधी स्वतःच बघते म्हणाल्या. मला पलंगावर झोपवलं, मशीन बांधलं, मग म्हणाल्या, "आता उभी राहा हं बाळा. भिंतीला टेकू नकोस, बोलू नकोस. दहा मिनिटं." आणि स्वतः समोर स्टुलावर बसल्या, हातात पेन्सिल.

दहा मिनिटं फार मोठी असतात. तिसऱ्या मिनिटाला पायाच्या बोटांचा रंग बदलायला लागला, तो त्यांनी वाकून बघितला. सातव्याला मला वाटलं आता पडते. त्यांनी विचारलं, "थांबवू का?" मी मान हलवली, नको. दीडशे वर्षांपूर्वी फिलाडेल्फियात एक सैनिक असाच उभा असेल आणि समोर एक डॉक्टर असाच मोजत बसला असेल, एवढंच डोक्यात होतं. बाकी कापूस.

झोपून ७६, दहाव्या मिनिटाला १२४. बीपी जागेवर.

"टेन्शन नाही हे," त्या म्हणाल्या, "म्हणजे टेन्शन तुला असेलही, पण ते यामुळे." मग पाणी किती प्यायचं, मीठ किती वाढवायचं (माझं बीपी आणि किडनी ठीक आहे म्हणून, तुम्ही मनानं सुरू करू नका), पायात घट्ट मोजे, आडवं पडून करायचे व्यायाम, ते हळूहळू कसे वाढवायचे, सगळं कागदावर लिहून दिलं. पूर्ण बरं होईल का विचारलं, तर म्हणाल्या, पुष्कळ जणी बऱ्यापैकी सुधारतात, वेळ लागतो. आज आठ महिने झाले. लोकलमध्ये अजून जागा शोधते, पण ओट्याशी उभी राहून चहा करते, आणि तोही उकळेपर्यंत.

निघताना दाराशी त्यांची मदतनीस मुलगी उभी होती, एकोणीस-वीस वर्षांची. आत वाकून म्हणाली, "मॅडम, मलापण सकाळी लाइनीत उभं राहिलं की असंच होतं. माझं मोजाल?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं, मशीन पुन्हा हातात घेतलं आणि पलंगाकडे बोट दाखवलं. "चप्पल काढ. आधी आडवी हो."